परदेशी माजी विद्यार्थी आणि अभ्यासक जोडून ठेवताना: लॉ स्कूलमधल्या नव्या समन्वयकासाठी

"आपले परदेशी माजी विद्यार्थी आणि इथे येऊन गेलेले अभ्यासक यांना एकत्र आणायचंय, ते काम आता तुमच्याकडे," असं तुमच्या डीननी तुम्हाला सांगितलं असेल. सोबत एक एक्सेलची फाइल मिळाली असेल, आणि वर्षाअखेरीला एखादा मेळावा व्हावा अशी अपेक्षाही. माझीही सुरुवात अशीच झाली. पहिल्याच आठवड्यात मी त्या यादीतल्या सगळ्यांना एक पत्र पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत माझा इनबॉक्स परत आलेल्या मेलनी भरून गेला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. यादीतले बहुतेक ईमेल पत्ते लॉ स्कूलनेच दिलेले होते, आणि पदवी हातात पडल्यावर काही महिन्यांनी ते लॉ स्कूलच्याच संगणक विभागाने बंद केले होते.

पुढची काही वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं. परदेशातून आलेला माणूस आपल्याकडे असताना त्याची जी विचारपूस होते, तिच्यावरच तो गेल्यानंतरचं नातं टिकतं. मेळावे, वार्तापत्रं, देणग्या हे सगळं त्यानंतरचं. म्हणून या लेखात तो इथे असतानाच्या दिवसांना जास्त जागा दिली आहे. मला जे चुकतमाकत कळलं, ते तुम्हाला आधीच माहीत असावं एवढीच इच्छा आहे.

१. 'आपले' कोण, हे आधी लिहून काढा

हे अगदी उघड वाटतं, पण पहिली चूक इथेच होते. माजी विद्यार्थी कार्यालयाच्या लेखी ज्याने पदवी घेतली तो माजी विद्यार्थी. एलएल.एम. (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) केलेले, जे.डी. किंवा एलएल.बी. (वकिलीसाठीची मूळ पदवी) केलेले, एस.जे.डी. (कायद्यातली डॉक्टरेट) किंवा पीएच.डी. झालेले, हे सगळे त्यात बसतात. पण सहा महिने किंवा वर्षभर संशोधनासाठी येऊन राहिलेला अभ्यागत अभ्यासक? त्याला पदवी मिळत नाही, म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. तो नोकर नाही, म्हणून मनुष्यबळ विभागाकडे नाही. व्हिसा कार्यालयाकडे त्याची फाइल असते, पण ती वेगळ्या कारणासाठी ठेवलेली, आणि मुदत संपली की कपाटात जाते. एका सत्रासाठी आलेले विनिमय विद्यार्थी, प्रशिक्षणाला आलेले न्यायाधीश आणि सरकारी वकील यांचंही तेच.

एक प्राध्यापिका वर्षभर आमच्या ग्रंथालयात बसून तौलनिक संविधानावर काम करत होत्या. काही वर्षांनी त्या त्यांच्या देशात वरिष्ठ न्यायालयावर नेमल्या गेल्याची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली. अभिनंदनाचं पत्र पाठवायचं तर पत्ता कुणाकडेच नव्हता. शेवटी तो सापडला संदर्भ ग्रंथपालबाईंच्या टेबलावरच्या काचेखाली. जाताना त्या प्राध्यापिकेने आभाराचं कार्ड दिलं होतं आणि मागे स्वतःच्या हाताने घरचा पत्ता लिहिला होता.

तेव्हा डीनकडून एक लेखी निर्णय घ्या: कोणत्या गटातले लोक या समुदायात धरायचे आणि अभ्यागतांसाठी किमान मुक्काम किती. आठ आठवडे ही मर्यादा मला योग्य वाटते. त्याहून कमी राहिलेल्या पाहुण्यांची वेगळी यादी ठेवा. हा कागद एकदा हातात आला की इतर विभागांकडे माहिती मागताना तुम्हाला दारोदार समजावत बसावं लागत नाही.

२. जवळ काय काय हवं

कामाला लागण्याआधी एवढं गोळा करा:

- डीनच्या सहीचा तो निर्णय
- निबंधक कार्यालयाकडून पदवीधरांची वर्षवार यादी
- व्हिसा किंवा आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून अभ्यागतांची नावं आणि तारखा, फक्त तेवढंच. पासपोर्टचे तपशील मागू नका आणि कुणी दिले तरी ठेवू नका
- ग्रंथालयाची अभ्यागत वाचकांची नोंद
- प्रत्येक यजमान प्राध्यापकाशी अर्धा तास बोलण्याची वेळ
- संमतीचा अर्ज, विद्यापीठाच्या विधी विभागाने पाहिलेला
- एकच मध्यवर्ती माहितीसाठा, ज्यात बदल करण्याचा अधिकार दोघांनाच असेल
- कार्यालयाचा स्वतःचा ईमेल पत्ता, कुणा एका कर्मचाऱ्याच्या नावाचा नको

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या आधीच्या समन्वयकांनी दहा वर्षं स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून पत्रव्यवहार केला. ते निवृत्त झाले आणि तो सगळा पत्रव्यवहार त्यांच्याबरोबर गेला.

३. यादी साफ करा, आणि नावांपासून सुरुवात करा

मला मिळालेल्या फाइलमध्ये पाच जणांचं पहिलं नाव एकच होतं: एफएनयू. मला वाटलं, एखाद्या भाषेतलं प्रचलित नाव असावं. प्रत्यक्षात ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, त्यांच्या अमेरिकी व्हिसावर 'पहिलं नाव अज्ञात' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं छापतात. कुणीतरी ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. आणि त्या पाच जणांना वर्षानुवर्षं 'प्रिय एफएनयू' असं पत्र जात होतं.

इंडोनेशियात एकच नाव असणारी माणसं पुष्कळ. म्यानमारमध्ये आडनावाची पद्धतच नाही. चीन, कोरिया, जपान, हंगेरी इथे आडनाव आधी येतं. स्पॅनिश भाषक देशांत बहुधा दोन आडनावं असतात, आणि शेवटचं तेवढं उचललं तर माणूस चुकीच्या नावाखाली नोंदला जातो. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं आधीचं नावही ठेवावं लागतं, कारण पदवी त्या नावावर असते. म्हणून माहितीसाठ्यात तीन रकाने करा: पदवीवर किंवा निमंत्रणपत्रावर आहे तसं पूर्ण नाव, पत्राच्या मायन्यात हवं असलेलं नाव, आणि त्यांच्या स्वतःच्या लिपीतलं नाव. तिसरा रकाना शोभेचा नाही. रोमन लिपीत सारखी दिसणारी दोन चिनी नावं स्वतःच्या लिपीत वेगळी निघतात आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

ईमेल कायमचा हवा. लॉ फर्मचा पत्ता नोकरी बदलली की जातो, विद्यापीठाचा पदवीनंतर जातो. खासगी पत्ता मागा. अभ्यासकांच्या बाबतीत ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा ओळख क्रमांक घ्या. २०१२ पासून सुरू असलेला हा १६ अंकी क्रमांक संस्था बदलली तरी तोच राहतो, त्यावरून ते सध्या कुठे आहेत आणि काय प्रसिद्ध करतायत ते बहुधा कळतं.

हरवलेल्यांना शोधताना त्यांच्या वर्गातल्या एकाला गाठा. प्रत्येक एलएल.एम. तुकडीत एक तरी माणूस असा असतो, ज्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. तो सापडला की अर्धी तुकडी सापडते. मात्र त्याच्याकडून दुसऱ्यांचे नंबर मागू नका. तुमचा निरोप त्याने पुढे पाठवावा आणि ज्यांना हवं त्यांनी स्वतः लिहावं, अशी विनंती करा.

४. संमती

आपण लॉ स्कूल आहोत, निदान आपल्याकडून तरी इथे ढिलाई होऊ नये. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि काही परिस्थितींत तो संघाबाहेरच्या संस्थांनाही लागू होतो. ब्राझीलचा असाच कायदा २०२० मध्ये, चीनचा १ नोव्हेंबर २०२१ पासून अमलात आला. भारताने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. प्रत्येकाचे बारकावे वेगळे आहेत, ते विधी विभागावर सोपवा. तुमच्या हातात आहे ते असं: कशासाठी माहिती घेताय ते साध्या भाषेत सांगा, वार्तापत्र, निर्देशिका, छायाचित्रं आणि देणगीची पत्रं यांना वेगवेगळी संमती घ्या, आणि नको म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढा. सगळ्यांसाठी एकच चौकोन ठेवला की देणगीच्या पत्राला कंटाळलेला माणूस वार्तापत्रालाही मुकतो.

५. पहिले तीन आठवडे

आता मुख्य गोष्ट.

एलएल.एम.चे विद्यार्थी एकत्र येतात, त्यांना परिचयसत्र असतं, सोबती असतात. अभ्यागत अभ्यासक एकटा येतो, सत्राच्या मधेच, कुठल्यातरी मंगळवारी. एकदा मला दाराशी असलेल्या सुरक्षारक्षकाचा फोन आला. खाली गेले तर एक पन्नाशीचे प्राध्यापक उभे होते. त्यांच्या देशात त्यांच्या हाताखाली चार सहायक होते, त्यांचं पाठ्यपुस्तक तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेलं. इथे त्यांचं ओळखपत्र तयार नव्हतं, म्हणून ते चाळीस मिनिटं दोन सुटकेस घेऊन बाकावर बसले होते, आणि हातात निमंत्रणपत्राची चार घड्या घातलेली प्रत होती. त्यांचे यजमान प्राध्यापक त्या आठवड्यात परिषदेला गेले होते. ते काही बोलले नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्या दिवसानंतर मी पुढचा क्रम ठरवून घेतला, आणि तो मोडू दिला नाही.

येण्याआधी दोन आठवडे: ओळखपत्र, ईमेल, ग्रंथालयाचा प्रवेश आणि बसायची जागा, या चार गोष्टी तयार झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. "होऊन जाईल" या उत्तरावर विसंबू नका. कायद्याच्या व्यापारी डेटाबेसचे करार काढून वाचा. त्यांत विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्याखेरीज अभ्यागतांना वापर करू द्यायची मुभा आहे की नाही, हे लिहिलेलं असतं. मुभा नसेल तर ते आधीच पत्रात कळवा. वर्षभराचं संशोधन ज्या डेटाबेसच्या भरवशावर आखलं, तो उघडत नाही हे इथे पोचल्यावर कळणं फार वाईट. आणि यजमान प्राध्यापक एक नको, दोन ठरवा.

पहिला दिवस: तुम्ही स्वतः दारात जा. त्यांच्या नावाचा उच्चार आदल्या दिवशी विचारून, म्हणून पाहिलेला असू द्या. ग्रंथालयात नेऊन संदर्भ ग्रंथपालांशी ओळख करून द्या. माझ्या अनुभवात अभ्यासक परत गेल्यावर ज्यांची आठवण काढतात, त्यांत ग्रंथपाल पहिले असतात.

पहिला आठवडा: कुटुंब सोबत आलंय का, विचारा. जोडीदाराचा दिवस अनोळखी गावात एकटा जातो, मुलांच्या शाळेचे अर्ज समजत नाहीत. कोणत्या कार्यालयात कोणता कागद लागतो याची एक पानाची टिपणी तयार ठेवा. एका अभ्यासकाच्या पत्नीने मला तीन वर्षांनी लिहिलं की मुलीच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर आला होतात. मला ते आठवतही नव्हतं.

दुसरा आठवडा: प्राध्यापकांच्या कार्यशाळांची जी मेल-यादी असते, तीत त्यांचं नाव घालून घ्या. हे यजमानांवर सोडलं तर राहून जातं.

तिसरा आठवडा: त्यांना वीस मिनिटं बोलायला बोलवा, त्यांच्या सध्याच्या संशोधनावर. 'तुमच्या देशातल्या कायद्याची ओळख' हा विषय देऊ नका. माणूस देशादेशांतल्या करविषयक करारांवर किंवा बालकांच्या ताब्याच्या खटल्यांवर पंधरा वर्षं काम करतोय आणि आपण त्याला अख्ख्या देशाचा प्रवक्ता करून बसवतो. त्यात त्याचाही अपमान होतो आणि श्रोत्यांच्या हातीही काही लागत नाही.

एलएल.एम.च्या विद्यार्थ्यांबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. त्यांच्यातले बरेच जण संहिताप्रधान कायद्याच्या, म्हणजे निकालपत्रांपेक्षा लिखित संहितेवर भर देणाऱ्या, परंपरेतून येतात. वर्गात अचानक नाव घेऊन निकालपत्रावर प्रश्न विचारण्याची पद्धत त्यांना नवी असते. मायदेशी पाच-सात वर्षं वकिली केलेला माणूस वर्गात गप्प बसतो आणि आपण त्याला लाजाळू समजतो. पहिल्या तीन आठवड्यांत निकालपत्र कसं वाचायचं आणि वर्गात कसं बोलायचं याची दोन सत्रं ठेवा, आणि ती घ्यायला मागच्या वर्षीच्या एलएल.एम. झालेल्यांना ऑनलाइन बोलवा. इथेच माजी विद्यार्थ्यांचा पहिला खरा उपयोग होतो, तोही दोन्ही बाजूंना.

६. जाण्याआधीचा महिना

निरोपाच्या आठवड्यात कुणालाच वेळ नसतो: घर रिकामं करायचं, विमान, परीक्षा. म्हणून महिनाभर आधी अर्धा तास मागा. त्या भेटीत खासगी ईमेल, संमतीचा अर्ज, कोणत्या कामात हातभार लावायला आवडेल ते, आणि 'आम्ही काय वेगळं करायला हवं होतं?' हा प्रश्न. उत्तर लिहून घ्या आणि मधे स्वतःचा बचाव करू नका.

अभ्यागतांना मुक्कामाच्या तारखा, विषय आणि यजमानांचं नाव असलेलं प्रमाणपत्र हाती द्या. बढतीसाठी, अनुदानाच्या हिशेबासाठी त्यांना ते लागतं, आणि नंतर मागवायला त्यांना संकोच वाटतो.

७. कागदपत्रांची कामं स्वतःकडे घ्या

या कामात मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट ही. माजी विद्यार्थी आपल्याला आपणहून लिहितात ते बहुतेक वेळा गुणपत्रकासाठी, पदवीच्या पडताळणीसाठी किंवा शिफारसपत्रासाठी. त्या मेलला 'निबंधक कार्यालयाशी संपर्क साधा' एवढं उत्तर गेलं की संबंध तिथेच थंडावतो.

न्यूयॉर्क राज्याच्या बार परीक्षेचं, म्हणजे तिथे वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचं, उदाहरण घ्या. अनेक परदेशी वकिलांना तिच्या पात्रतेसाठी अमेरिकेतली किमान २४ क्रेडिटची, ठरावीक विषय असलेली एलएल.एम. लागते, आणि ती झाल्याचं लॉ स्कूलने कळवावं लागतं. एखाद्याचं तेवढं एक पत्र उशिरा गेलं तर त्याची परीक्षेची फेरी हुकते. मायदेशी पदवी मान्य करून घ्यायची तर अपोस्टिल (कागद अस्सल असल्याचं एकच आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) लागतो की वकिलातीचे शिक्के, हे देशावर अवलंबून असतं. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात असलेल्या देशांत अपोस्टिल चालतो. चीनमध्ये तो ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून चालू लागला, म्हणून जुन्या टिपणांवर विसंबून सल्ला देऊ नका. देशवार एक पान करा, दर सहा महिन्यांनी तपासा, आणि मेल आला की निबंधक कार्यालयाला स्वतः फोन करून काम झाल्याचं विचारणाऱ्याला कळवा. असं काम झालेली माणसं पुढे आपण बोलावलं की येतात.

८. देशोदेशीचे प्रतिनिधी

एका देशात वीस-पंचवीस जण असतील तर तिथे एक प्रतिनिधी नेमा, कमी असतील तर प्रदेशासाठी एक. सर्वांत नामवंत माणूस निवडण्याचा मोह होतो. न्यायमूर्ती किंवा मोठ्या फर्मचा भागीदार असला की पत्रकावर नाव छान दिसतं, पण त्याच्याकडे वेळ नसतो आणि ज्युनियर मंडळी त्याला फोन करायला कचरतात. पाच ते दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेला, लोकांत मिसळणारा माणूस शोधा. मुदत दोन वर्षांची, लेखी, आणि काम मोजकं: वर्षातून एक भेट, नव्या प्रवेश मिळालेल्यांना एक फोन, आणि पत्ते बदलले तर कळवणं.

माध्यम त्यांनाच ठरवू द्या. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगलच्या सेवा बंद आहेत, तिथे वीचॅट चालतं. म्हणजे तुमचा गुगल फॉर्मही तिथे उघडत नाही. जपान आणि थायलंडमध्ये लाइन, कोरियात काकाओटॉक. तुम्ही प्रत्येक गटात असायची गरज नाही, मात्र निरोप पोचला का, हे विचारत राहा.

फुलब्राइट, चेव्हनिंग अशा शिष्यवृत्त्यांवर आलेल्यांचे आधीपासून स्वतःचे संघ असतात. फुलब्राइट १९४६ पासून चालू आहे, चेव्हनिंग १९८३ पासून. त्यांच्याशी स्पर्धा नको, भेटीगाठी एकत्र ठेवा.

मेळाव्यांबद्दल एवढंच: जे.डी.च्या दर पाच वर्षांच्या स्नेहसंमेलनात एलएल.एम.वाल्यांना नुसतं बोलावून भागत नाही. नऊ-दहा महिने एकत्र काढलेली त्यांची तुकडी वेगळी असते, आणि त्या सभागृहात त्यांना ओळखीचा एकही चेहरा दिसत नाही. त्यांच्या तुकडीतले निदान आठ जण येणार असतील तरच आग्रह करा.

९. ऑनलाइन बैठकीची वेळ

मार्चमधल्या एका बैठकीला युरोपातले सगळे तासभर उशिरा आले. ते वेळेवरच होते, चूक माझी होती. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्हीतलं अंतर नेहमीपेक्षा एक तासाने कमी असतं. भारत, चीन, जपान घड्याळ बदलत नाहीत. ब्राझीलने २०१९ मध्ये बदलणं थांबवलं. निमंत्रणात वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत द्या आणि सोबत पाच-सहा शहरांची स्थानिक वेळ लिहा, त्या तारखेची तपासून.

एकाच वेळी सगळ्या जगाला बोलावू नका. दोन बैठका घ्या, बारा तासांच्या अंतराने. आणि दर वेळी मध्यरात्री उठायची पाळी त्याच त्याच देशांवर येत नाही ना, हे वर्षभराच्या तक्त्यात पाहा.

१०. आधी ज्ञान मागा, पैसे फार नंतर

एका माजी विद्यार्थ्याने मला लिहिलेलं वाक्य माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे: "अकरा वर्षांत तुमच्याकडून आलेलं हे पहिलं पत्र आहे ज्यात मला काहीतरी विचारलंय." आम्ही त्यांना मूट कोर्टच्या (विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेच्या) संघाची लेखी बाजू वाचाल का, असं विचारलं होतं.

अशी कामं पुष्कळ आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्याची जेसप मूट स्पर्धा १९६० पासून आणि व्हिएन्नातली व्यापारी लवादाची विस मूट स्पर्धा १९९४ पासून चालू आहे. दोन्हींत परीक्षक, लवाद आणि मसुदे वाचणारे लागतात. तौलनिक कायद्याच्या वर्गात एका तासासाठी प्रत्यक्ष वकिली करणारा माणूस ऑनलाइन आला, तर पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांचं काम होतं. भाषांतराचा एखादा परिच्छेद तपासणं, इंटर्नशिपसाठी एका विद्यार्थ्याशी पंधरा मिनिटं बोलणं, हेही मागा. विनंती नेमकी असू द्या: काय, कधीपर्यंत, किती तास. काम झाल्यावर निकाल कळवा. संघ हरला तरी कळवा.

देणगीचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. न्यायाधीशांकडे पैसे मागू नका, आणि त्यांना दुसऱ्यांकडून मागायलाही लावू नका. अनेक देशांच्या न्यायिक आचारसंहितेत निधी गोळा करण्यावर बंधनं आहेत. त्यांना महागडी भेटवस्तूही देऊ नका. न्यायाधीशांच्या वर्तनाबद्दलची २००२ ची बंगळुरू तत्त्वं भेटी आणि उपकार यांवर मर्यादा घालतात. दुसरं, परदेशी पैशाचे नियम. अमेरिकेतल्या संस्थेला एका वर्षात एकाच परदेशी स्रोताकडून अडीच लाख डॉलर किंवा जास्त मिळाले तर सरकारला कळवावं लागतं. भारतातल्या संस्थेला २०१० चा विदेशी योगदान नियमन कायदा बघावा लागतो. देणगीदाराचा देश किंवा व्यक्ती निर्बंधांच्या यादीत आहे का, हेही लेखा विभागाकडून आधीच तपासून घ्या. तिसरं, परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला त्याच्या देशात करसवलत बहुधा मिळत नाही. हे त्याला आधी सांगा.

११. पुन्हा बोलावताना

जुन्या अभ्यासकाला परत बोलवायचं तर व्हिसाचा इतिहास आधी पाहा. अमेरिकेत अभ्यागत अभ्यासक बहुधा जे-१ या विनिमय कार्यक्रमांच्या व्हिसावर येतात. त्यातल्या 'रिसर्च स्कॉलर' वर्गात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, पण कार्यक्रम संपवून गेल्यावर त्याच वर्गात परत यायला २४ महिने थांबावं लागतं, मग पहिला मुक्काम तीन महिन्यांचा का असेना. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' हा वर्ग सहा महिन्यांपुरता असतो, पण त्याला हा २४ महिन्यांचा नियम नाही. चार महिन्यांसाठी येणाऱ्याला सवयीने पहिल्या वर्गात घातलं आणि पुढच्या वर्षी मोठ्या प्रकल्पासाठी तो येऊ शकला नाही, असं माझ्यासमोर घडलंय. निमंत्रणपत्र निघण्याआधी विचारा: पुढे परत यायचा विचार आहे का?

१२. ज्यांचं नाव छापायचं नाही

काही अभ्यासक स्वतःच्या देशातून जीव वाचवून आलेले असतात. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झालेलं 'स्कॉलर्स अ‍ॅट रिस्क' हे जाळं अशांना विद्यापीठांत जागा मिळवून द्यायला मदत करतं. तुमच्याकडे असं कुणी आलं असेल, किंवा एखादा माजी विद्यार्थी मायदेशी मानवी हक्कांचे खटले लढत असेल, तर त्याचं छायाचित्र आणि नाव छापण्याआधी दर वेळी नव्याने विचारा. दोन वर्षांपूर्वीची संमती पुरत नाही. तिकडचं सरकार बदललेलं असू शकतं. सामूहिक छायाचित्रात मागच्या रांगेत उभा असलेला माणूसही ओळखू येतो. एका कार्यक्रमाचं छायाचित्र आम्ही छापायला पाठवलं आणि रात्री अकरा वाजता एका विद्यार्थिनीचा फोन आला, माझा भाऊ अजून तिकडे आहे. आम्ही ते थांबवलं. तेव्हापासून आमच्याकडे छायाचित्रं काढायच्या आधी सभागृहाच्या एका बाजूच्या खुर्च्या 'छायाचित्र नको' म्हणून राखलेल्या असतात, आणि कुणी तिथे का बसलं, हे कुणी विचारत नाही.

१३. पुढच्या समन्वयकासाठी फाइल

पहिल्या दिवसापासून ठेवा. महिन्यातून एकदा अर्धा तास काढून त्यात लिहा: या महिन्यात कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय कबूल केलं आणि ते अजून बाकी आहे का, कोणत्या प्रतिनिधीची मुदत कधी संपते, कुणाला फोन केलेला आवडतो आणि कुणाला पत्र. संवेदनशील नावं या फाइलमध्ये नकोत, ती विधी विभागाकडे स्वतंत्र ठेवा. पहिल्या पानावर ग्रंथपालांचा आणि सुरक्षाकक्षाचा अंतर्गत फोन क्रमांक लिहा.